मेल्या गाईच्या कानाला हळद

गाय दावं तोडून माझ्या अंगावरूनच पळाली. तिचा डावा कान मधोमध फाटून दोन चिंध्यांसारखा लोंबत होता आणि रक्त डोळ्यावरून ओघळत होतं. मी फाटकात उभी होते. तिने मला भिंतीवर ढकललं, माझ्या हातातला डबा पडला, सुया मातीत सांडल्या. ती वळली ती सरळ नाल्याकडे, सागवानाच्या जंगलात. गोठ्यात तिचं वासरू ओरडायला लागलं.

त्या जंगलात तेव्हा वाघीण फिरत होती. आठ दिवस आधी नाल्यापलीकडून एक गोऱ्हा नेला होता तिने. सगळं गाव ऊन कलायच्या आत जनावरं घरी आणत होतं. आणि माझी दुभती गाय रक्त सांडत तिकडेच गेली.

अंगणात दोघं उभे होते. एक माझा म्हातारा, हातात हळदीची वाटी घेऊन. दुसरा माझा धाकटा दीर, त्याचं घर आमच्या भिंतीला लागूनच आहे. त्याच्या एका हातात चाकू होता आणि दुसऱ्या हातात पिवळा बिल्ला. दोघांच्या पायाशी दिराची म्हातारी गाय आडवी पडली होती. ती मेलेली होती, पोट फुगलं होतं, चारही पाय ताठ.

"वैनी, तुमी लवकर आल्या," दीर म्हणाला.

"माह्या गाईचा कान काऊन फाडला?"

"फाडाचा नव्हता. छेद जरासा मोठा करून बिल्ला काढून घेऊ म्हनलं. तिनंच मान झटकली."

म्हणजे चूक गाईची.

बिल्ल्याचं सांगते. त्या दिवसाच्या दोन वर्षं आधी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई गावात आल्या होत्या, जनावरांचा विमा उतरवायला. हप्त्यातला मोठा वाटा सरकार भरणार होतं, बाकीचा आपण. ज्या जनावराचा विमा उतरला त्याच्या कानात नंबराचा प्लास्टिकचा बिल्ला मारायचा, मोबाइलवर फोटो काढायचा, रंग आणि दात कागदावर लिहायचे. जनावर मेलं की डॉक्टरने येऊन पाहायचं, नंबर जुळवायचा, मग पैसे. मी माझ्या गाईचा विमा उतरवला. दीर तेव्हा कठड्यावर बसून हसत होता. म्हणाला, "माही गाय दगडावानी हाय. तिले काय होते? त्या पैशात मी मुर्गी खाईन."

मुर्गी खाल्ली त्याने. आम्हालाही वाटीभर रस्सा पाठवला होता.

दोन्ही गाई एकाच आईच्या, दोन्ही तांबड्या, दोघींच्या कपाळावर पांढरा टिळा. फरक वयाचा. त्याची म्हातारी, माझी जवान. त्या दिवशी सकाळी मी शेजारच्या गावी दोन जुळ्या पोरींचे कान टोचायला गेले होते. मी निघाले आणि दिराला त्याची गाय गोठ्यात मेलेली दिसली. दुपारपर्यंत त्याच्या डोक्यात सगळं शिजून तयार. मेली गाय आमच्या अंगणात ओढून आणायची, माझ्या गाईचा बिल्ला काढायचा, मेलीच्या कानात घालायचा, डॉक्टरीणबाईंना सांगायचं की भावाची विम्याची गाय मेली. येणारे पैसे निम्मे-निम्मे. म्हाताऱ्याने मान हलवली आणि दवाखान्यात फोनही केला. चार वाजेपर्यंत येते म्हणून बाईंनी सांगितलं.

मी सुया वेचत होते आणि दीर मला समजावत होता.

"वैनी, गाय तं मेली नं? मरन खोटं हाय का? फक्त नंबर बदलला. कंपनीचे पैसे हायेत, कोन्या मानसाच्या खिशातले थोडी हायेत."

"आन् माही गाय?"

"तिले कोन काय करते?"

"कागदावर तं तुमी तिले मारून राह्यले. उद्या वाघिनीनं नेली तं मी काय सांगू? मेलेली गाय दुसऱ्यांदा मेली म्हनू?"

त्याने नाल्याकडे पाहिलं. मग म्हणाला, "पाहा, ते पळाली हे बेसच झालं. बाई येऊन जाईपर्यंत तिले तिथीच राहू द्या. दोन गाई एका जागी दिसाच्या नाईत. बाई गेल्या की मीच जातो आन् घेऊन येतो."

"चार वाजता येतील, पाचले जातील. तवर काय उरते तिचं?"

"बाप्पा, वाघीन काय हिचीच वाट पाहून राह्यली?"

तिथे मला कळलं की आम्हा दोघांना आता उलट्या गोष्टी हव्यात. मला गाय ऊन असताना परत पाहिजे होती. त्याला ती ऊन जाईपर्यंत जंगलात पाहिजे होती.

बोलता बोलता त्याने मेल्या गाईच्या कानाला चाकूने चीर पाडली, बिल्ल्याची मागची चकती त्यातून ओढून घेतली आणि पुढचा पिवळा भाग नीट दिसेल असा फिरवला. काम सफाईचं होतं. हात त्याचा चांगला आहे, टोपल्या विणतो. तो चाकू धुवायला विहिरीवर गेला. म्हातारा वाटी धरून तसाच उभा होता. ती हळद त्याने माझ्या गाईसाठी कालवली होती, जवसाच्या तेलात, मी कालवते तशीच. चाळीस-पंचेचाळीस वर्षं तो माझ्याशेजारी बसून पाहत आला आहे की मी पोरीचा कान टोचते आणि वाटीसाठी हात पुढे करते. गावातले अर्धे कान माझ्या हातचे आहेत आणि अर्ध्या वाट्या त्याच्या हातच्या. तो खाली वाकला. बोटभर हळद घेतली आणि मेल्या गाईच्या कानाला, त्या चिरेवर, आतून बाहेरून नीट लावून दिली. वर फुंकर मारली. पोरी रडतात म्हणून मारतो तशी.

मी पाहिलं आणि बोलले नाही. बोलले असते तर दिराने पुसून काढली असती.

मला कान कळतो. टोचलेल्या कानाला घटकाभरात लाली येते, दुसऱ्या दिवशी तो फुगतो, कडुनिंबाची काडी फिरवली की पिवळं पाणी येतं, आणि महिनाभराने छिद्राची कड आतून गुळगुळीत होते. जुनं छिद्र आणि आजचं छिद्र मी अंधारात बोट लावून सांगेन. मेल्या कानात यातलं काही होत नाही. तो पुठ्ठ्यासारखा कापला जातो. जे मला कळतं ते डॉक्टर झालेल्या बाईला कळणार नाही, असं दिराला कसं वाटलं हे मला आजही समजलेलं नाही.

मी वासराला सोडलं आणि दोर हाताला गुंडाळला.

"कुठी चालली?" म्हाताऱ्याने विचारलं.

"गाय आनाले."

"एकटी? थांब, मी येतो."

"तुमी मेल्या गाईजवळ बसा. तुमी तिचे मालक झाले नं आता."

विहिरीवरून दीर ओरडला, "वैनी, वासरू नोका नेऊ! वासरू नेलं तं ते येईन नं!"

मी म्हटलं, "म्हनूनच नेऊन राह्यली."

हरवलेली गाय शोधत फिरणं मूर्खपणा आहे. ती माणसाला पाहून आणखी आत जाते. वासरू न्यायचं, त्याला पाजलेलं नसावं, एका जागी बांधायचं आणि त्याला ओरडू द्यायचं. गाईची कास भरली की ती आवाजाच्या मागे येते. माझ्या सासूने मला हे पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. याशिवाय तिने मला फार काही चांगलं शिकवलं नाही.

सागाच्या मोठ्या पानांवर रक्ताचे थेंब पडलेले होते. सुरुवातीला पावला-पावलावर, मग लांब लांब. म्हणजे रक्त थांबत होतं, हे बरं होतं. नाल्याच्या रेतीत गाईचे खूर उमटले होते आणि त्यांच्या बाजूला वाघिणीचा पंजा. मी वाकून पाहिलं. पंजाच्या कडा वाळून ढासळल्या होत्या. कालचा. खुरांच्या कडा ओल्या होत्या. मी नाला ओलांडला नाही. अलीकडच्या मोहाला वासरू बांधलं आणि पाठ झाडाला लावून उभी राहिले. हातात काठी होती. काठीने वाघिणीचं काय होतं, ते मला ठाऊक आहे. पण रिकामा हात बरा वाटत नाही.

वासरू ओरडत होतं. नाल्यापलीकडून काही येत नव्हतं.

मग मागून थाळीचा आवाज आला. म्हातारा थाळी वाजवत येत होता. वाजवायला त्याला घरात दुसरं काही मिळालं नव्हतं, तो हळदीच्या वाटीनेच वाजवत होता.

"मेल्या गाईजवळ कोन हाय?" मी विचारलं.

"ते कुठी पळून जाते?"

मला हसू आलं. मी दाखवलं नाही. तो माझ्या बाजूला येऊन उभा राहिला, दम लागला होता.

"तुमाले नाई म्हनता येत नाई का?" मी म्हटलं. "माही गाय, माहा बिल्ला, आन् मी घरी नाई."

त्याने थाळीकडे पाहिलं. "त्यानं आजवर मले काई मागतलं नाई," म्हणाला. "वाटनीच्या टायमालेबी नाई मागतलं. सकाळी येऊन रडला. गाय मेली म्हनून रडला बापा, खरंच रडला. मंग मागतलं."

दीर गाईसाठी रडला असेल. ती गाय त्याने ती वासरू होती तेव्हापासून पोसली होती. रडणंही खरं आणि त्यानंतरची चोरीही खरी. एक खरं म्हणून दुसरं माफ होत नाही, इतकंच.

पलीकडच्या झाडांवर माकडं खाकरली, वाघ दिसला की खाकरतात तशी. एकदा, मग सगळी मिळून. म्हाताऱ्याने माझा दंड धरला. वासरू गप्प झालं, आणि ते गप्प झालं तेच मला आवडलं नाही. मी त्याच्या पाठीवर चापट मारली. ते पुन्हा ओरडलं. म्हाताऱ्याने थाळी वाजवायला हात उचलला. मी त्याचा हात धरला, कारण थाळीने गाय पण पळाली असती. आम्ही तसेच उभे राहिलो. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. माकडं ओरडत ओरडत वरच्या अंगाला सरकली आणि त्यांचा आवाज लांब गेला.

गाय पलीकडून आली नाही. ती खालच्या बाजूने, आमच्याच काठाने, गवतातून चालत आली. इतका वेळ ती जवळच कुठेतरी उभी असणार. आली ती आमच्याकडे न पाहता वासराकडे गेली आणि त्याला चाटायला लागली. वासरू खाली घुसलं आणि प्यायला लागलं. तिच्या कानावर माशा बसल्या होत्या. वाटीच्या तळाला थोडी हळद चिकटून राहिली होती. मी ती बोटाने खरवडली आणि तिच्या फाटक्या कानाला लावली. तिने मान झटकली नाही.

"फुक मारू का?" म्हातारा म्हणाला.

"मारा."

आम्ही परत आलो तेव्हा डॉक्टरीणबाईंची गाडी फाटकात उभी होती. त्या वेळेच्या आधीच आल्या होत्या. आतलं बोलणं कुंपणाबाहेरून ऐकू येत होतं. दीर डोक्यावर दुपट्टा घेऊन मेल्या गाईच्या डोक्याशी बसला होता आणि बाई उकिडव्या बसून तिचा कान पाहत होत्या.

"कानाला हळद कोणी लावली?"

दीर दचकला. त्याने तोवर कानाकडे पाहिलंच नव्हतं. पण तो हुशार आहे. म्हणाला, "पूजा केली बाई. गोमाता होते. हळद-कुंकू वाह्यलं."

"कुंकू कुठे आहे?"

"घरात सरलं होतं."

"आणि पूजा कानाची करतात का तुमच्याकडे? कपाळाची नाही?"

तेवढ्यात आम्ही फाटकातून आत आलो. पुढे वासरू, मग गाय, मग मी, मग थाळी घेतलेला म्हातारा. बाईंनी मान वर केली. त्यांनी जिवंत गाईचा फाटका, हळद लावलेला कान पाहिला. मग हातातला मेला, हळद लावलेला कान पाहिला. मोबाइल काढला, जुना फोटो पाहिला. दीर हळूच म्हणाला, "वैनी, जरासं तरी थांबाचं होतं."

मी म्हटलं, "बाई, ते चीर मेल्यावरची हाय. पान्यानं धुवून पाहा. जित्या कानाची चीर अशी राहत नाई."

त्यांनी धुतली. चीर पांढरी होती, रक्ताचा थेंब नव्हता. मग त्यांनी मेल्या गाईचा ओठ वर करून दात पाहिले, झिजून सपाट झालेले. "हळद नसती तरी मला दिसलं असतं, आजी," त्या म्हणाल्या. "हळदीने फक्त वेळ वाचला."

म्हातारा म्हणाला, "ते माही चूक. सवय हाय हाताले."

त्या बाई त्याच्याकडे पाहत राहिल्या आणि मग त्यांना हसू आलं, आवरलं तरी येत होतं. पण हसू सरल्यावर त्या जे बोलल्या ते गोड नव्हतं. म्हणाल्या, "मी या कागदावर सही करते की याच नंबराची गाय मेली, मी डोळ्यांनी पाहिली. खोटी सही केली तर माझी नोकरी जाते आणि तुम्ही दोघं पोलिसांत. हे एवढंच नाही. खोटी गाय सापडली की पुढच्या दहा खऱ्या गाईंवर कंपनी संशय घेते. पलीकडच्या गावच्या एका विधवेची गाय खरीच वीज पडून मेली. तिला तीनदा तालुक्याला खेटे घालावे लागले. का? तिच्या आधी कोणीतरी असाच खोटा कान दाखवला होता."

दिराने दुपट्टा डोक्यावरून काढला. कंपनी म्हणजे कोणी माणूस नाही असं तो दुपारी म्हणाला होता. ती विधवा माणूस होती. तिच्याकडून तो दर शिमग्याला मोहफुलं आणतो.

कागद अजून भरलेला नव्हता, त्यावर कोणाची सही-अंगठा नव्हता, म्हणून बाई प्रकरण तिथेच थांबवू शकल्या. त्यांनी मला कोरा कागद दिला. मी चौथी शिकले आहे, अर्ज लिहिता येतो. मी लिहिलं, की या नंबराची आमची गाय जिवंत आहे, कान फाटून बिल्ला निघाला, नवीन मिळावा.

बाईंनी वाचलं. "फाटून निघाला की काढला?"

मी खोडलं आणि लिहिलं, दिराने काढला. मग कागद दिरापुढे सरकवला. त्याने वाचला, मान खाजवली आणि साक्षीदार म्हणून खाली सही केली. आपल्याच चोरीचा साक्षीदार मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला.

संध्याकाळी तिघांनी मिळून खड्डा खणला आणि म्हातारी गाय पुरली. दीर पुन्हा रडला. रात्री तो आमच्याकडेच जेवला, भात आणि लाखोरीची डाळ. जेवताना म्हणाला, "वैनी, दूध पातळ लागून राह्यलं आज."

"कान फाडल्यावर घट्ट कसं येईन?" मी म्हटलं, आणि तरी वाटीभर जास्त वाढलं.

कंपनीचा माणूस पंधरा दिवसांनी आला. त्याने गाय पाहिली, अर्ज पाहिला, म्हाताऱ्याला दोन शब्द सुनावले. पैसे कोणी मागितले नव्हते म्हणून गोष्ट तिथेच संपली. नवा बिल्ला उजव्या कानात मारला. पकड डॉक्टरीणबाईंची, हळद माझी.

तेव्हापासून विम्याचं शिबिर गावात आलं की बाई मला बाजूला बसवतात. पकडीने छेद झाला की मी तेल-हळद लावते, आणि आधी बिल्ला असलेल्या जनावराचा कान उचलून आतून कड पाहते. गुळगुळीत असली तर ठीक. एकदाच एक कड कच्ची लागली. मालकाने लगेच सांगितलं की बिल्ला झुडपात अडकून निघाला होता, त्यानेच परत बसवला, कोणाला कळवायचं ते ठाऊक नव्हतं. जनावर तेच होतं, दात जुळले. बाईंनी त्याला नवा बिल्ला दिला. बिल्ला निघाला तर लपवायचं नाही, त्याच दिवशी फोन करायचा, एवढं मी प्रत्येकाला सांगते. लोक ऐकतात. माझ्यामुळे नाही, दिरामुळे. तो शिबिरात कठड्यावर बसून आपली गोष्ट स्वतःच सांगतो, दर वर्षी थोडी मोठी करून. आता त्याच्या गोष्टीत वाघीण आमच्या अंगणापर्यंत येते. त्याच्या नव्या गाईच्या कानातही बिल्ला आहे. मारताना तिचं डोकं त्यानेच धरलं होतं आणि डोळे मिटून घेतले होते.

माझी गाय फाटक्या कानाची म्हणून गावभर ओळखली जाते. त्या कानाने ती माशा नीट हाकलू शकत नाही, एवढीच खोट राहिली. त्यानंतर ती दोनदा व्याली. नाल्याकाठी मोहाला बांधलेलं ते वासरू यंदा दुभतं झालं. त्या दुपारी नाल्यावर आम्ही चौघं होतो, मी, म्हातारा, गाय आणि वासरू. चौघंही जिवंत आहोत.